५ किलोवॅट हायब्रिड सोलर इन्व्हर्टर: खोक्यावरचा आकडा सोडा, डेटाशीट बघा

घरच्या सोलरला हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, ग्रिड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) लावलाय, उन्हाळा हिवाळा दोन्ही काढून झाले त्यावर, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, मॉडेल सारखी बदलतात आणि मुद्दे सगळ्यांनाच लागू आहेत.

आधी हायब्रिडच का ते सांगतो. साधा ऑनग्रिड (बॅटरी नसलेला, थेट ग्रिडला जोडलेला) स्वस्त पडतो, एफिशियन्सी पण ९७-९८ टक्क्यांपर्यंत मिळते, पण लाईट गेली की तोही बंद, बाहेर कितीही रणरणतं ऊन असू दे. हा बिघाड नाही बरं का, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. तुमच्याकडे लाईट क्वचित जात असेल तर सरळ ऑनग्रिड घ्या, बॅटरीच्या नादाला लागू नका.

सगळ्यात जास्त डोकं व्होल्टेजला लावा. माझ्या इन्व्हर्टरची डीसी इनपुट लिमिट, म्हणजे पॅनलकडून जास्तीत जास्त झेपणारा व्होल्टेज, ५०० व्होल्ट, आणि पॅनलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचा) ४९.५. इन्स्टॉलर म्हणाला १० पॅनल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेली रांग, व्होल्टेजची बेरीज होते) आरामात बसतात, ४९५ होतात. कागदावर बसतात हो, पण लेबलवरचा आकडा २५ डिग्रीचा असतो आणि पॅनल जितकं गार तितका व्होल्टेज वर जातो, डिग्रीमागे साधारण पाव ते ०.३ टक्का, म्हणजे ५ डिग्रीच्या थंडीत सकाळी ऊन पडलं की तेच १० पॅनल ५२० च्या पुढे. इनपुट जळलं तर वॉरंटीवाले हात वर करणार. मी ९ वरच अडून बसलो. उलट बाजू पण बघा, एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा इन्व्हर्टरमधला भाग) सुरू व्हायला किमान व्होल्टेज लागतो, दोन-तीन पॅनलवर कित्येक मॉडेल जागेच होत नाहीत.

आता मशीनबद्दल. लाईट गेल्यावर बॅटरीवर इतकं पटकन जातं की कॉम्प्युटर रिस्टार्ट होत नाही, इथे फुल मार्क. लिथियम बॅटरीच्या बीएमएसशी (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) पण नीट बोलतं, फक्त घेण्याआधी कम्पॅटिबल बॅटरींची लिस्ट मागून घ्या, नुसतं ४८ व्होल्ट जुळलं म्हणजे झालं असं नसतं. पाण्याची मोटर बॅकअपवर चालवायची असेल तर सर्ज रेटिंग विचारा, चालू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या ५-६ पट करंट ओढते.

वैताग आहे तो नो-लोडचा. रात्री सगळं बंद, फ्रीजचा कॉम्प्रेसर पण थांबलेला, तरी स्क्रीनवर बॅटरीतून ६० वॅट जाताना दिसतात! स्वतःच खातोय. २४ तासांचे जवळपास दीड युनिट झाले की. ब्रोशरमध्ये याचा उल्लेखच नाही, मॅन्युअलच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सापडला. छोटी बॅटरी असेल तर सकाळपर्यंत याचा फटका चांगलाच जाणवतो.

५ पैकी साडेतीन. बाकीचे नो-लोडला आणि फॅनच्या घरघरीला कापले, दुपारी फुल लोडला शेजारच्या खोलीत ऐकू येतो, तेव्हा बेडरूमच्या भिंतीला लावू नका आणि उन्हात तर अजिबातच नको, गरम झाला की स्वतःच पॉवर कमी करतो.