अकरा महिने, २६ डाउनलोड आणि १७ सीडी : विकत घेतलेलं संगीत जवळ ठेवण्याचा अनुभव

मागच्या वर्षी एका सकाळी माझी बाहेरची हार्डडिस्क टिकटिक करायला लागली आणि दुपारपर्यंत ती संगणकाला दिसेनाशी झाली. दहा वर्षांत पैसे मोजून डाउनलोड केलेले १४० अल्बम तिच्यात होते. ज्या संकेतस्थळांवरून ते घेतले, त्यांतलं एक केव्हाच बंद पडलेलं. दुसऱ्यावर माझं खातं शाबूत होतं, पण बऱ्याच अल्बमांपुढे ‘आता उपलब्ध नाही’ एवढीच ओळ. सगळी शोधाशोध झाल्यावर ६० च्या आसपास अल्बम गेले ते गेलेच. त्याच खोलीत कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझ्या जुन्या सीडी पडून होत्या, पंधरा वर्षं हात न लागलेल्या. त्यांतली एक काढून लावली. पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत ती बिनबोभाट वाजली.

त्यानंतर ठरवलं, नवं संगीत घेताना दोन्ही वाटा वापरून बघायच्या आणि वहीत नोंद ठेवायची. आज अकरा महिने झाले. स्ट्रीमिंगबद्दल मी इथे काही म्हणणार नाही. ते भाड्यानं ऐकणं आहे, आणि माझा प्रश्न विकत घेऊन जवळ ठेवण्याचा आहे.

सगळे आधी आवाजाचं विचारतात, म्हणून तेच आधी. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि दोन चॅनल. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट, किंवा मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक फाइल हीच माहिती दाबून ठेवते, बहुतेक वेळा निम्म्या ते दोन-तृतीयांश जागेत, आणि उघडल्यावर एकही बिट इकडचा तिकडे होत नाही. त्यामुळे एकाच मास्टरची, म्हणजे विक्रीसाठी पक्क्या केलेल्या एकाच अंतिम मुद्रणाची, सीडी आणि फ्लॅक यांत ऐकण्याच्या दृष्टीनं फरक असूच शकत नाही. एमपी-थ्रीचं तसं नाही. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, या आधारावर ती माहिती गाळते.

हे मी डोळे मिटून तपासलं. धाकट्या भावाला संगणकापुढे बसवलं. फाइल तो बदलायचा आणि मी पाठ करून ऐकायचो. ३२० किलोबिटची एमपी-थ्री आणि सीडी यांत २० पैकी ११ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. १२८ किलोबिटला मात्र १७ वेळा ओळखलं. झांजांचा शेवट आणि टाळ्यांचा कडकडाट या दोन ठिकाणी फाइल उघडी पडते, टाळ्या पाण्यात बुडाल्यासारख्या सळसळतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या ‘हाय-रेझ’ फाइलीही दोन घेतल्या. सीडीच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत जातो, तोही तरुणपणी. मला फरक कळला नाही. पुन्हा घेणार नाही.

पण आवाजातला खरा फरक दुसरीकडेच निघाला, आणि तो कळायला मला चार महिने लागले. माझ्याकडे असलेल्या एका जुन्या सीडीचाच अल्बम मी ‘रिमास्टर्ड’, म्हणजे नव्यानं मास्टर केलेला, म्हणून डाउनलोड केला. लावताक्षणी वाटलं, वा, किती भरदार! सीडी त्याच्यापुढे दबलेली वाटली. मग दोन्हींच्या आवाजाचे आलेख उघडून पाहिले. सीडीवरचा आलेख डोंगररांगेसारखा, चढउतारांचा. डाउनलोडचा आलेख विटेसारखा, वरून-खालून सपाट कापलेला. सगळंच संगीत साधारण ६ डेसिबलनं वर ढकललेलं होतं आणि शिखरं छाटली होती. रीप्लेगेन ही आवाजाची पातळी जुळवणारी सोय वापरून दोन्हींची पातळी सारखी केली तेव्हा चित्र उलटलं. सीडीवर ढोल खरंच अंगावर येतो आणि त्यानंतरची शांतता शांत असते. रिमास्टरमध्ये ढोल, गळा, बासरी सगळे एकाच उंचीवर उभे. पहिल्या दोन मिनिटांत जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, आणि अर्ध्या तासात तेच थकवतं. यात दोष डाउनलोडचा नाही. तेच रिमास्टर नव्या सीडीवर छापलं तरी तसंच वाजणार. पण जुनी सीडी हातात असली की जुनं मास्टरही आपल्या हातात राहतं. डाउनलोडच्या दुकानात नवी आवृत्ती आली की जुनी बहुधा उठते, आणि कोणती काढून कोणती ठेवली हे कोणी सांगत नाही. सीडी घ्यायचं माझ्या दृष्टीनं सगळ्यांत ठोस कारण हे आहे, आणि लोक त्याबद्दल फार कमी बोलतात.

सलग वाजण्याचा मुद्दाही लिहायला हवा, कारण मला मैफलींची ध्वनिमुद्रणं आवडतात. सीडीवर एका ट्रॅकच्या टाळ्या दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतात, मध्ये खंड नसतो. एमपी-थ्री १,१५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधली जाते, त्यामुळे ट्रॅकच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. प्लेअरला ती कापता आली नाही तर टाळ्यांच्या मधोमध ठेच लागते. फ्लॅकमध्ये हा त्रास फाइलीत नसतो, प्लेअरमध्ये असू शकतो. माझ्या फोनवरच्या पहिल्या अ‍ॅपमध्ये होता, दुसऱ्यात ‘गॅपलेस’ची सोय होती, प्रश्न मिटला. घेण्याआधी अ‍ॅप तपासा.

आता डाउनलोडची बाजू, कारण ती मी मुळीच सोडलेली नाही. २६ पैकी १९ अल्बम सीडीवर निघालेलेच नाहीत. लहान कलाकार, स्वतः रेकॉर्ड करणारे, वर्षाला दोन अल्बम काढणारे, यांना सीडी छापणं परवडत नाही. त्यांचं काम जवळ हवं असेल तर डाउनलोड हाच रस्ता. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर फ्लॅक, एमपी-थ्री, जे हवं ते निवडता येतं, फाइलीला कुलूप (परवानगीशिवाय ती वाजू न देणारी सोय) नसतं, आणि कलाकार दोन ओळी लिहून आभारही मानतो. ती ओळ मला मोलाची वाटते.

कुलूप नसणं किती महत्त्वाचं आहे हे आता नव्या लोकांना माहीत नसतं. अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर २००३ साली सुरू झालं तेव्हा गाणी १२८ किलोबिटची आणि कुलूपबंद होती. २००९ मध्ये कुलूप गेलं आणि गाणी २५६ किलोबिटची झाली. त्याच काळात मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकनं दुकान बंद केल्यावर २००८ मध्ये जाहीर केलं की परवाने देणारे सर्व्हरही बंद होणार, म्हणजे विकत घेतलेली गाणी नव्या संगणकावर उघडणार नाहीत. ओरड झाली म्हणून मुदत वाढवली. तेव्हापासूनचा माझा नियम एकच. फाइल माझ्या डिस्कवर उतरत नसेल, किंवा उतरून कोणाची परवानगी मागत असेल, तर ती मी विकत घेतलेली नाही.

तरी कुलूप नसलेली फाइलसुद्धा स्वतःची काळजी स्वतः घेत नाही. पहिल्या हार्डडिस्कनं हेच शिकवलं. आता माझ्याकडे तीन प्रती असतात : संगणकात एक, वेगळ्या डिस्कवर एक, आणि बहिणीच्या घरी ठेवलेली एक. दर तीन महिन्यांनी तिसरी आणून ताजी करतो. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एक एमडी-५ ठसा असतो, त्यावरून फाइल कुठे सडली का ते एका आज्ञेत तपासता येतं. सातव्या महिन्यात अशी एक सडलेली फाइल सापडली आणि दुसऱ्या प्रतीवरून परत आणली. हे सगळं मिळून वर्षाला चार-पाच तासांचं काम आहे. ज्याला ते होणार नाही त्यानं केवळ डाउनलोडवर विसंबू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

सीडीचं काम वेगळं, आणि ते सुरुवातीलाच करावं लागतं. नवी सीडी आली की मी ती आधी रिप करतो, म्हणजे तिच्यातलं संगीत फाइली करून संगणकात उतरवतो, मग ऐकतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम प्रत्येक ट्रॅक वाचून त्याचा आकडा अ‍ॅक्युरेटरिपच्या साठ्याशी ताडतो. जगात इतर कोणी तीच सीडी वाचली असेल आणि आकडा जुळला, तर वाचन बिनचूक. १७ पैकी १५ सीडी दहा मिनिटांच्या आत जुळल्या. एका जुन्या, हात बदलून आलेल्या सीडीच्या सहाव्या ट्रॅकला ४० मिनिटं लागली. तिच्यावर गोलाकार ओरखडा होता. सीडीतली चूक-दुरुस्तीची पद्धत सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढू शकते. सीडीवरची माहिती गोल फेऱ्यांत लिहिलेली असते. मधून बाहेर जाणारा आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडंच खातो, तो निभावतो. गोल ओरखडा मात्र फेऱ्याच्या दिशेनंच धावतो आणि सलग खात जातो. म्हणून सीडी पुसायची ती मधून काठाकडे, सरळ. गोल गोल कधीच नाही. आणि छापील बाजू जपायची. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं चिलखत आहे, छापील बाजूला मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर पातळ लाखेखेरीज काही नाही. मी इतकी वर्षं नेमकी उलटी समजूत करून घेतली होती.

रिप करताना आणखी एक कळलं. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावंच नसतात. ट्रॅक किती आणि प्रत्येक किती लांबीचा, यावरून संगणक इंटरनेटवर ओळख पटवतो. त्यामुळे नावं कोणीतरी हौसेनं टाइप केलेली असतात, आणि एकाच गायिकेची तीन स्पेलिंग म्हणजे प्लेअरमध्ये तीन गायिका. डाउनलोडमध्ये टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली नावं, बहुधा नीट असतात. हा गुण त्यांचाच.

पण टॅगमध्ये नाव कोणाचं असतं? अल्बम ज्याच्या नावावर विकला जातो त्याचं. साथीला कोण होतं, ध्वनिमुद्रण कोणी केलं, कुठल्या वर्षी, एका बैठकीत की तुकड्यातुकड्यानं, हे सीडीच्या पुस्तिकेत असतं. २६ डाउनलोडांपैकी फक्त पाचांबरोबर पुस्तिकेची पीडीएफ आली. बाकीच्यांबरोबर एक चौकोनी चित्र. एका अल्बममध्ये सारंगीचा असा एक तुकडा आहे की मी तो आठवडाभर रोज ऐकत होतो, आणि वाजवणाऱ्याचं नाव मला अजून माहीत नाही. कलाकाराला लिहून विचारलं आहे. पैसे घेऊन विकलेल्या संगीतावर साथीदाराचं नाव नसावं, याचा मला खरोखर राग येतो.

वहीतली एक नोंद मला अनपेक्षित होती. डाउनलोड केलेल्या २६ पैकी ९ अल्बम मी अजून सलग, पूर्ण ऐकलेले नाहीत. सीडींपैकी फक्त एक तशी राहिली आहे. सीडी लावली की ती काढेपर्यंत दुसरं काही वाजत नाही, एवढंच त्याचं कारण असेल. तरी तासांचा हिशेब केला तर तीन-चतुर्थांश ऐकणं फाइलींवरूनच झालंय : चालताना, प्रवासात, काम करताना. ज्या सीडी ‘ऐकल्या’ म्हणतो त्यांतलंही निम्मं ऐकणं रिप केलेल्या फाइलींचंच. म्हणजे सीडी माझ्यासाठी हळूहळू मूळ प्रत झाली आहे आणि फाइल वापरायची प्रत.

आणखी एका बाबतीत सीडी पुढे आहे. ती मी कोणालाही देऊ शकतो. डाउनलोड पुन्हा विकण्याचा प्रश्न अमेरिकेत रीडिजी या वापरलेल्या फाइली विकणाऱ्या सेवेच्या खटल्यात कोर्टापुढे गेला, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयानं त्या सेवेविरुद्ध निकाल दिला. कारण फाइल ‘देताना’ तिची नवी प्रत होतेच. सीडी दिली की ती माझ्याकडून जाते. भावाला वाढदिवसाला दोन दिल्या. फाइलीची लिंक त्या जागी मला देववली नसती.

सीडीच्या विरोधात एकच मोठी गोष्ट आहे : ती वाचणारं यंत्र. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नाही, म्हणून बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह घेतला. आठव्या महिन्यात त्यानं सीडी ओळखणं सोडलं आणि दुसरा घ्यावा लागला. ड्राइव्ह मिळतायत तोवर सगळ्या सीडी रिप करून टाकाव्यात, हे घाईचं काम आहे, पुढे ढकलण्याचं नाही.

मी ते पुढे ढकललं होतं. कारखान्यात छापलेल्या माझ्या सगळ्या जुन्या सीडी वाचल्या गेल्या, पंचवीस वर्षांच्या सुद्धा. घरी लिहिलेल्या सीडी-आर मात्र निराळ्या असतात. त्यांच्यात कारखान्यातल्या सीडीसारखे माहितीचे बारीक खड्डे छापलेले नसतात, रंगद्रव्याच्या थरावर लेझरनं खुणा केलेल्या असतात, आणि तो रंग उजेडानं, उष्णतेनं विटतो. कप्प्यात तळाशी अशी एक सापडली. एका मित्राच्या आईनं छोट्या घरगुती मैफलीत गायलेलं, कोणीतरी साध्या रेकॉर्डरवर टिपलेलं. प्रत एकच. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे मैफलीचा शेवट काठाजवळ असतो, जिथे बोटं लागतात. तीन ड्राइव्हांवर, सगळ्यांत कमी वेगानं, दोन रात्री वाचून पाहिलं. ६३ मिनिटांपैकी पहिली ५२ निघाली, स्वच्छ. त्या फाइली आता चार ठिकाणी आहेत, चौथी प्रत मित्राकडे. शेवटची ११ मिनिटं, ज्यांत त्यांनी म्हटलेली भैरवी होती, ती निघाली नाहीत.