दुसऱ्याच्या भाषेशी जुळणारा कोड: स्वतः लिहायचा की खुला घ्यायचा?

लोकांचे जुने प्रोग्राम तुमच्या प्रॉडक्टवर जसेच्या तसे चालायला हवेत आणि ते ज्या भाषेत लिहिलेत ती दुसऱ्या कंपनीची आहे. अशा वेळी दोन वाटा असतात. डॉक्युमेंटेशन वाचून कंपायलर (प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणणारे सॉफ्टवेअर) आणि लायब्ररी (वारंवार लागणाऱ्या तयार कोडचा संच) स्वतः लिहायची, किंवा खुल्या लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही अटी पाळून वापरता येईल अशी, तयार असलेली घ्यायची.

स्वतः लिहिणाऱ्याला युरोपात बरीच मोकळीक आहे. ब्रिटनच्या वर्ल्ड प्रोग्रामिंग या कंपनीने एसएएस या अमेरिकन कंपनीच्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर मूळ सोर्स कोड न पाहता बनवले, आणि एसएएसने तिच्यावर खटला भरला. 2012 मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटले की प्रोग्राम काय काम करतो, त्याची भाषा आणि डेटा फाइलचा फॉरमॅट यांना संगणक प्रोग्रामच्या कायद्याचे संरक्षण नाही. मॅन्युअलमधला मजकूर उचलणे मात्र पुढे इंग्लंडच्या कोर्टात अंगाशी आले. म्हणजे वाचा, पण वाक्ये तुमचीच असू द्या.

अमेरिकेत त्याच भांडणाने वेगळे वळण घेतले. अभ्यासासाठी घेतलेल्या प्रतीचे लायसन्स मोडले आणि ते मिळवताना फसवणूक केली, यावरून 2015 च्या ज्युरीने दिलेली भरपाई तिप्पट होऊन सुमारे 7.9 कोटी डॉलरवर गेली. हा फटका भाषेच्या कॉपीराइटमुळे बसलाच नाही. बसला तो ‘आय अॅग्री’वर केलेल्या क्लिकचा!

दुसरा खटला ओरॅकल विरुद्ध गूगलचा. जावा ही भाषा ओरॅकलची. गूगलच्या अँड्रॉइडमध्ये जावाच्या 37 पॅकेजांतल्या (लायब्ररीच्या भागांतल्या) सुमारे 11,500 ओळी, म्हणजे फक्त डिक्लेरेशन (कोणते काम कोणत्या नावाने बोलवायचे हे सांगणाऱ्या ओळी), जशाच्या तशा घेतल्या होत्या. आतला कोड गूगलने स्वतः लिहिला. 2010 ला सुरू झालेला खटला 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 2 अशा मतांनी गूगलच्या बाजूने संपला. पण डिक्लेरेशनवर कॉपीराइट असतो का, हा प्रश्न कोर्टाने मुद्दाम बाजूला ठेवला आणि हा वापर ‘फेअर यूज’ (परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर) आहे एवढेच ठरवले. फेअर यूज हा बचाव आहे, आणि बचाव करायला आधी कोर्टात उभे राहावे लागते. 11 वर्षे वकील पोसणे गूगलला जमले. पाच जणांच्या टीमने तो हिशेब आधीच करावा.

आता खुली लायब्ररी. अँड्रॉइडनेही 2016 च्या आवृत्तीत ओपनजेडीके या जावाच्या खुल्या आवृत्तीचा आधार घेतला, हे बोलके आहे. ओपनजेडीके जीपीएल 2 या खुल्या लायसन्सखाली, क्लासपाथ अपवादासह मिळते: तुमचे अॅप तिला जोडले म्हणून अॅपचा सोर्स द्यावा लागत नाही, पण लायब्ररी, बदललेली असो वा नसो, वाटलीत तर तिचा सोर्स द्यावा लागतो. अटी आधीच लिहून ठेवलेल्या असतात, हाच मोठा फायदा. तोटा असा की वेग, मेमरी, रचना मूळ लेखकांच्या मर्जीवर. आणि नाव वापरायचे असेल तर ट्रेडमार्क वेगळा पाहावा लागतो, तो प्रश्न दोन्हीकडे आहेच.

त्यामुळे खुली लायब्ररी मिळत असेल आणि तिच्या अटी धंद्याला चालत असतील, तर मी डोळे झाकून तीच घेईन (अटी मात्र डोळे उघडे ठेवून वाचेन). ती नसेल किंवा वेगासाठी स्वतःच लिहायचे असेल, तर भाषेच्या व्याकरणाची काळजी करत बसू नका. आधी दोन गोष्टी तपासा: लायब्ररीची किती नावे आणि रचना हुबेहूब घेताय, आणि मूळ सॉफ्टवेअर अभ्यासायला टीममधल्या कुणी कोणत्या लायसन्सवर होकार दिलाय.