मोफा की रेरा? कन्व्हेयन्ससाठी घेतलेल्या वकील मॅडमच्या सेवेबद्दल

ज्यांच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) अडकलंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण या कामात चांगला सल्ला मिळणं फार अवघड झालंय. आमची बिल्डिंग पुण्यात, नव्वदच्या दशकातली, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, आणि रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांना त्याचं महत्त्व कळलं. आधी एका एजन्सीकडे गेलो होतो (नाव घेत नाही). त्यांनी ठामपणे सांगितलं की रेरा (केंद्राचा रिअल इस्टेट कायदा) आला म्हणजे मोफा (फ्लॅटच्या मालकीबद्दलचा महाराष्ट्राचा जुना कायदा) संपला, केंद्राचा कायदा आला की राज्याचा आपोआप बाद होतो, तुम्ही रेरात तक्रार टाका. हे ऐकून कमिटीतले निम्मे लोक तयारही झाले होते.

मग एका ओळखीतून या वकील मॅडम मिळाल्या. त्यांचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे कायद्यांचा गुंता त्या सामान्य माणसाला कळेल असा उलगडतात, आणि तोंडी नाही तर लेखी देतात, कलमांसकट. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) कधीची? कारण रेरा पूर्णपणे लागू झाला 1 मे 2017 ला, आणि रजिस्ट्रेशनची सक्ती नव्या आणि तेव्हा चालू असलेल्या प्रोजेक्टना, आमची बिल्डिंग तर त्याच्या कितीतरी आधी पूर्ण झालेली. दुसरा प्रश्न, सोसायटी आहे की अपार्टमेंट? डिक्लेरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याची नोंदवलेली घोषणा) केलेलं असेल तर 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा येतो आणि रस्ताच वेगळा. पुण्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि बऱ्याच लोकांना आपलं नक्की काय आहे तेच माहीत नसतं.

मग आलं मोफा जिवंत आहे का ते. यावर त्यांनी जे समजावलं ते मला अजून पाठ आहे. घटनेच्या कलम 254 मध्ये केंद्राचा कायदा वरचढ ठरतो तो समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयात, आणि तेही दोन्ही कायदे एकमेकांशी विसंगत असतील तर, मग जितका भाग विसंगत तितकाच जातो, अख्खा कायदा नाही. आणि राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी असेल तर तो त्या राज्यात टिकू शकतो, अर्थात संसद नंतर त्यावर नवा कायदा करू शकते. रेराचं कलम 88 सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, कलम 89 सांगतं की विसंगती आली तर रेराच चालणार, ही दोन्ही एकत्र वाचायची. त्यात कलम 92 ने महाराष्ट्राचा 2012 चा गृहनिर्माण कायदा नाव घेऊन रद्द केलाय, मोफाचं नाव तिथे नाहीये! शिवाय कन्व्हेयन्सच्या बाबतीत कलम 17 मध्येच 'स्थानिक कायदा नसेल तर ओसीपासून 3 महिन्यांत' असं आहे, म्हणजे स्थानिक कायद्याला जागा रेरानेच ठेवलीय. एजन्सीवाल्यांनी हे उघडून तरी बघितलं होतं का, असा प्रश्न पडतो.

उलटं उदाहरणही दिलं, जे मला फार पटलं. पश्चिम बंगालने रेरा न राबवता स्वतःचा 2017 चा हिरा कायदा केला, जवळपास रेराचीच कॉपी, राष्ट्रपतींची मंजुरी न घेता, आणि सुप्रीम कोर्टाने 4 मे 2021 ला तो रद्द केला. एकाच विषयावर संसदेचा कायदा असताना त्याचीच समांतर नक्कल राज्याला उभी करता येत नाही. पण आधी झालेली रजिस्ट्रेशन कोर्टाने वाचवली, म्हणजे लोकांचं नुकसान होऊ दिलं नाही.

आमच्यासाठी मार्ग मोफाचं कलम 11, डीम्ड कन्व्हेयन्स, जे 2008 पासून आहे, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. बिल्डर सही करायला आला नाही तरी एकतर्फी आदेश मिळतो, मग रजिस्ट्रेशन, मग प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव. हीच मॅडमची खासियत, आधी कुठला कायदा ते पक्कं करतात, मग फाइल हातात घेतात. नव्या प्रोजेक्टवाल्या एका शेजारच्या सोसायटीला त्यांनी रेराचाच रस्ता सांगितला, आणि ग्राहक आयोगाचा पर्यायही खुला असल्याचं सांगितलं, कारण 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात तेच म्हटलंय.

कमी काय? फी थोडी जास्त, आणि फोन लवकर उचलत नाहीत, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. कागदपत्रांच्या बाबतीत कडक आहेत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सगळ्या मेंबरांचे अग्रीमेंट, एकही कमी चालत नाही. पण तो कडकपणा मला आवडला. जाताना जनरल बॉडीचा ठराव आधीच करून न्या, नाहीतर पहिली मीटिंग त्यातच जाते.