लहान पोरांना घेऊन आल्प्समध्ये स्कीइंग: सर्फाउस, आव्होरिया की वेंगेन?

म्युनिकला आल्यापासून चार हिवाळे आम्ही पोरांना घेऊन स्कीइंगला गेलोय. आधी फ्रान्समधलं आव्होरिया, मग ऑस्ट्रियातलं सर्फाउस, तिसऱ्या वर्षी सासूसासरे नाशिकहून आले होते म्हणून स्वित्झर्लंडमधलं वेंगेन, आणि चौथ्यांदा पुन्हा सर्फाउस. थोरला पहिल्या वेळी पाच वर्षांचा होता, आता आठचा आहे, धाकटी दोनाची होती ती आता पाचची. दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोणी ना कोणी मैत्रीण फोन करून विचारतेच की यातलं कुठलं घेऊ गं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. कुठल्याही रिसॉर्टच्या वेबसाईटवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय असतं, तर किती किलोमीटरचे स्लोप आहेत. आव्होरिया ज्या पोर्त द्यु सोलेय भागात येतं तिथे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर, सर्फाउस-फिस-लाडिस या तीन गावांचे मिळून साधारण दोनशे. पण चार वर्षांचं पोर आठवडाभर एकाच शंभर मीटरच्या उतारावर वरखाली करणार असतं, त्याला सहाशेचं काय करायचंय? लहान मुलं असतील तर मी एकच गोष्ट बघते, पलंगावरून उठल्यापासून पोर स्की स्कूलच्या टीचरच्या हातात देईपर्यंतचा वेळ कसा जातो. तो नीट गेला तर दिवस नीट जातो, नाहीतर दहा वाजायच्या आतच सगळ्यांचा पारा चढलेला असतो.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी ती सकाळ कशी असते ते सांगते. आधी थर्मल, त्यावर लोकरीचा मोजा (एकच, दोन घातले की पाय उलट जास्त गार पडतात कारण बूट आवळला जातो आणि रक्त खेळत नाही), मग स्की पँट, मग बूट. बूट कडक प्लास्टिकचा, आतलं लायनिंग पुढे ओढून धरायचं, पोराला उभं करायचं, टाच आत गेली की नाही ते बघायला जमिनीवर दोनदा आपटायला सांगायचं आणि मग खटके खालून वर लावत जायचं. धाकटीला हे सगळं घालून झालं, हेल्मेटचा पट्टा लागला, हातमोजे बाहीच्या आत गेले, की ती माझ्याकडे बघून म्हणते, आई शू. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि हे झाल्यावर तिची स्की, माझी स्की, चार काठ्या आणि एक पाठपिशवी घेऊन त्या कडक बुटांत बर्फावरून चालायचंय, ते किती चालायचं हा खरा प्रश्न.

सर्फाउस यात सरळ पहिलं. टिरोलमध्ये इन नदीच्या खोऱ्याच्या वर साधारण 1400 मीटरवर हे गाव आहे, आणि या एवढ्याशा गावाला स्वतःची भुयारी मेट्रो आहे! 1985 पासून चालू आहे, चाकं नाहीत, हवेच्या उशीवर तरंगते आणि केबलनं ओढली जाते. स्टेशनं फक्त चार: पार्किंग, चर्च, गावाचा मध्य आणि गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे). तिकीट नाही. हॉटेलातून निघायचं, दोन-चार मिनिटं चालायचं, जिना किंवा लिफ्टनं खाली, मेट्रोत बसायचं आणि गोंडोलाच्या दारात उतरायचं. गोंडोला वर कोम्पेर्डेलला सोडतो, जवळजवळ 2000 मीटरवर, आणि तिथे उतरल्यावर समोरच मुलांचा भाग, सरकते पट्टे (सगळे मॅजिक कार्पेटच म्हणतात), फोमची जनावरं, छोटी कमान. तिथला मुर्मली नावाचा मारमॉट (खारीच्या कुळातला डोंगरी प्राणी) म्हणजे पोरांचा देवच, शेजारच्या फिसमध्ये तसाच बेर्टा गायीच्या नावाचा मुलांचा भाग आहे. स्की आणि बूट रात्री वरच्या लॉकरमध्ये ठेवायची सोय घेतली तर हातात काहीच न्यावं लागत नाही. थोडे पैसे जातात पण मी म्हणेन जेवणात काटकसर करा, यात नको.

आव्होरिया (लिहिताना शेवटी झेड असतो पण तिथे कोणी म्हणत नाही) 1800 मीटरवर, 1966 साली उभारलेलं गाव. 1960 च्या ऑलिंपिकमध्ये डाउनहिल या स्की शर्यतीचं सुवर्णपदक जिंकणारा ज्याँ व्ह्युआर्ने यामागे होता. गाड्या गावाबाहेर ठेवायच्या, आत घोड्यांच्या घसरगाड्या किंवा बर्फावरची यांत्रिक गाडी सामान नेते. रस्ते म्हणजेच बर्फ, खूपशा इमारतींच्या दारातून थेट स्की करत निघता येतं, आणि मुलांचं गाव, म्हणजे व्हिलाज देझाँफाँ, हे अगदी मधोमध आहे, ते 1968 च्या ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळवलेल्या आनी फामोजनं सुरू केलेलं. कागदावर बघाल तर हेच सगळ्यात सोपं वाटेल. पण आमची धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती, बग्गी नेली होती, ती पहिल्या दिवशी सामानाच्या कोपऱ्यात गेली ती शेवटच्या दिवशीच निघाली, चाकं फिरतच नाहीत. स्लेज भाड्यानं घ्यावी लागली. शिवाय गाव उतारावर आहे आणि पोर स्की न करणारं असेल तर त्याला घेऊन बाहेर पडणं म्हणजे सतत डावीउजवीकडून येणारे स्कीवाले सांभाळणं. दोन दिवस असा वारा आणि धुकं की हात पुढे केला तर दिसत नव्हता. उंचीमुळे बर्फाची खात्री जास्त, हे खरं, पण झाडांच्या वर असल्यामुळे हवा बिघडली की आडोसा नाही.

वेंगेनला सकाळ वेगळी. 1274 मीटरवरचं गाव, गाडी जातच नाही, खालच्या लाउटरब्रुनेन गावाहून दात्यांच्या रुळावर चढणारी ट्रेन घ्यायची. गावाच्या अगदी मध्यावर शिकाऊंचा उतार आहे, स्टेशनपासून चार पावलांवर, म्हणजे पोराला सोडून तुम्ही समोर कॉफी पीत बघू शकता. आमच्या सासूबाई तिथल्या बाकावर शाल गुंडाळून बसायच्या आणि नात सरकत्या पट्ट्यावरून वर गेली की टाळ्या वाजवायच्या, धाकटीनं त्या आठवड्यात जी प्रगती केली त्यात त्या टाळ्यांचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. मात्र गावाची उंची कमी, त्यामुळे बर्फ कमी झाला तर हा उतार आधी ओला होतो, आणि मग पोरांना ट्रेननं वर क्लायने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनकडे न्यावं लागतं. ट्रेन पोरांना आवडते, पण गर्दीत स्की उभ्या लावून, हेल्मेटवाली दोन डोकी सांभाळत चढायचं म्हणजे दमछाक होते.

स्की स्कूलबद्दल. तिन्हीकडे साधारण तीन वर्षांपासून घेतात, त्याहून लहानांना सांभाळायची वेगळी सोय असते पण जागा फार कमी. सर्फाउसला सकाळी दोन तास, मग तिथेच देखरेखीखाली जेवण, मग दुपारचे दोन तास, असं घेता येतं आणि शेवटी शर्यत होऊन मेडल. टीचर मुलांना पुढची टोकं जोडून पायांनी 'पिझ्झा' करायला सांगतात, ते जमलं की थांबता येतं, थांबता आलं की भीती जाते. आमची मुलं किंडरगार्टनमुळे जर्मन बोलतात म्हणून सर्फाउस सोपं पडलं. भारतातून किंवा लंडनहून येत असाल तर बुकिंग करतानाच इंग्लिश ग्रुप लेखी मागून घ्या. फ्रान्सला थोरल्याच्या ग्रुपमध्ये इंग्लिश मिळेल असं फोनवर सांगितलं होतं, प्रत्यक्षात आठ फ्रेंच मुलं आणि हा एकटा, पहिले दोन दिवस रडत परत आला. फ्रेंच पद्धतीत मात्र पातळ्या छान ठरलेल्या आहेत, पिऊपिऊ, उर्सों, फ्लोकों असे बिल्ले मिळतात, सहा-सात वर्षांच्या पोराला पुढच्या बिल्ल्यासाठी झटायला मजा येते. म्हणून मी म्हणते आव्होरिया सात वर्षांनंतर घ्या, पोर थोडं स्वतःचं स्वतः करू लागलं की मग तिथल्या त्या मोठ्या डोंगराचा उपयोग होतो.

जेवण हा आपल्या लोकांचा मोठा मुद्दा. ऑस्ट्रियात हाफ बोर्ड घ्यायची पद्धत आहे, सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण हॉटेलात. दमून आल्यावर कोणी वाढून देतंय यासारखं सुख नाही. शाकाहारी सांगितलं की चीज घातलेले श्पेट्झले (अंड्याच्या पिठाचे नूडल्ससारखे तुकडे) हमखास, कायझरश्मारन म्हणजे गोड आमलेटासारखं तुकडे केलेलं (अंडं असतं), आणि गेर्मक्नोडल, वाफवलेला गोळा, आत आलुबुखाराचं सारण, वर खसखस, पोरांनी त्याला गोल मोदक नाव ठेवलंय. पण सूपचं विचारून घ्या, फ्रिटाटेनझुप्पे दिसायला साधं असतं, पाणी गाईच्या मांसाचं असतं. स्वित्झर्लंडच्या फोंड्यूत, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये, वाईन असते, आणि फ्रान्सच्या तार्तिफ्लेत या बटाटा-चीजच्या पदार्थात बेकनचे तुकडे. आव्होरियात आम्ही अपार्टमेंट घेतलं होतं, किचन एवढंसं पण तीन लिटरचा कुकर, तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट घरून नेलं होतं. चार वाजता अंधारून यायला लागलं की मऊ भात, तूप, मेतकूट, पोरं जेवता जेवता झोपायची. खर्चाच्या बाबतीत हेच सगळ्यात स्वस्त पडतं. वेंगेनला हॉटेल महाग, गावात कूप नावाचं सुपरमार्केट आहे, अपार्टमेंट मिळालं तर घ्याच.

आजी-आजोबा किंवा घरात कोणी स्की न करणारं असेल तर माझं उत्तर वेंगेन, दुसरा विचारच नको. आपल्याकडच्या टूरवाल्यांमुळे युंगफ्राऊ सगळ्यांना माहीत असतं, म्हणजे 3454 मीटरवरचं युंगफ्राऊयोख स्टेशन. पण अगदी लहान बाळाला घेऊन एवढ्या उंचीवर जाऊ नका, आम्ही सासूसासऱ्यांना दोघांनाच पाठवलं. ग्रिंडेलवाल्डहून 2020 मध्ये सुरू झालेला आयगर एक्सप्रेस गोंडोला पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला नेतो, तिथून वरची ट्रेन मिळते. आणि काही न करता नुसतं क्लायने शायडेगला ट्रेननं जाऊन आयगर, म्योंश, युंगफ्राऊ या तीन शिखरांसमोर उन्हात बसलं तरी दिवस सार्थकी लागतो. सासरे सत्तर वर्षांचे, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितला, मुठीत घेऊन किती वेळ नुसते बघत राहिले होते. सर्फाउसलाही चालायच्या वाटा आहेत, ऊनही भरपूर, पण भाषा येत नसलेल्या दोघांना एकट्यानं हिंडायला ट्रेनचं गाव बरं पडतं.

पैशाचं सांगायचं तर सहा दिवसांचा मोठ्यांचा लिफ्टचा पास तिन्हीकडे 300 च्या पुढेच, युरो असो की फ्रँक. पण तुम्ही स्वतः पहिल्यांदाच शिकताय तर पूर्ण पास पहिल्या दिवशी घेऊच नका, शिकाऊ भागापुरतं तिकीट मिळतं. लहान मुलांना पास फुकट असतो पण वयाची हद्द प्रत्येकाची वेगळी, कुठे पाच कुठे सहा, वाढदिवस जवळ असेल तर नीट बघा. खरा फरक तारखांनी पडतो. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार सुट्ट्या लागतात, त्या चार आठवड्यांत आव्होरियाला जाऊ नका. पोर अजून शाळेत जात नसेल तर जानेवारीचा मध्य स्वस्त, पण थंडी कडक. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा पोरं लिफ्टवर बसल्या बसल्या रडायची, मार्चमध्ये तीच पोरं चार वाजेपर्यंत घरी यायला तयार नव्हती. आता थोरल्याच्या शाळेमुळे आम्हाला फाशिंगच्या (फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्या कार्निव्हलच्या) सुट्टीतच जावं लागतं, बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, शाळा बुडवता येत नाही. शनिवारी वाटेतल्या फेर्नपास घाटात अख्खं दक्षिण जर्मनी रांगेत असतं, म्हणून म्युनिकहून पहाटे पाचला निघतो, तसं निघालं तर सर्फाउस तीन तासांत येतं. लाउटरब्रुनेनला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आव्होरियाला तर अख्खा दिवस. लंडन किंवा मुंबईहून जिनिव्हाला उतरणार असाल तर हे गणित पूर्ण उलटं होतं, तिथून आव्होरिया दीड-दोन तासांवर आहे. भारतातून येणाऱ्यांना तिन्ही देश एकाच शेंगेन व्हिसात जमतात, सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी नाही.

विमा मात्र नीट वाचून घ्या. व्हिसासाठी घेतलेल्या 30,000 युरोंच्या पॉलिसीत स्कीइंग धरलेलंच असेल असं समजू नका. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं आणायचा खर्च युरोपातल्या साध्या आरोग्य कार्डात येत नाही, आम्ही त्यासाठी आल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलंय, त्यात तो येतो. ऑस्ट्रियात डोंगरावरच्या बचावासाठी 140, स्वित्झर्लंडमध्ये 1414, फ्रान्समध्ये 112, हे फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

बुटांचं एक राहिलं. भाड्याच्या बुटांचा नंबर नेहमीच्या चपलेचा नसतो, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लागते. आम्ही एकदा ऑनलाइन बुक केले, दुकानात घाईघाईत धाकटीला दीड सेंटिमीटर मोठे दिले गेले, दिवसभर तिची टाच आत उचलली जात होती आणि तिला वळताच येईना, आम्हाला वाटलं घाबरतेय. रात्री मोजा काढला तर घोट्याला लाल चट्टा. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी दोघांना भिंतीला टाच लावून उभं करते आणि फूटपट्टीनं मोजते, आणि दुकानात ऐनवेळच्या गर्दीत न जाता आदल्या संध्याकाळीच बूट घेते.

तर पहिल्यांदा जाताय आणि पोर तीन ते सहाचं आहे, सर्फाउस. म्हातारी माणसं बरोबर आहेत, वेंगेन. पोरं सात-आठची, दोन कुटुंबं मिळून अपार्टमेंट घेताय आणि स्वतःलाही मनसोक्त स्की करायचंय, आव्होरिया. बुकिंग करताना आधी स्की स्कूलमध्ये मुलांची जागा आहे का बघा, मग हॉटेल घ्या, फाशिंगच्या आठवड्यासाठी हे ऑगस्टमध्येच करायला लागतं.