साउंडबारला एचडीएमआय की ऑप्टिकल?
मोरजीच्या मावशीने चवथीआधी साउंडबार घेतला. पेटीत दोन केबली निघाल्या, एक एचडीएमआय, एक ऑप्टिकल. कुठली लावू, म्हणून तिचा फोन.

आवाजात एचडीएमआय पुढे. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ (चहूबाजूंनी येणारा आवाज) जातो, पण ॲटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बीचाच प्रकार) हवा तर एचडीएमआयच. शिवाय टीव्हीच्या रिमोटवरच आवाज कमीजास्त होतो. मात्र केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टात हवी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे तिथूनच जातो) आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एका रिमोटने दोन्ही उपकरणे चालवायची सोय, चालू हवे. तरीही आवाज नाही? टीव्ही आणि साउंडबार दोन्हींचे विजेचे प्लग काढा, मिनिटभराने लावा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होते.

किनाऱ्यावरच्या घरात मला ऑप्टिकलचा मोठा आधार वाटतो. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. त्यामुळे अर्थिंगमुळे स्पीकरातून येणारी घरघर नाही, आणि पावसाळ्यात वीज कडाडली तरी त्या केबलीतून झटका पुढे जात नाही. खाऱ्या वाऱ्याने गंजायला धातूचे संपर्कही नाहीत. माझ्या एचडीएमआयच्या टोकावर दोन पावसाळ्यांत डाग चढले होते. फक्त टोकाची प्लॅस्टिकची टोपी आठवणीने काढा आणि केबल करकचून वाकवू नका.

मावशीला एकच रिमोट हवाय, तिने एचडीएमआय लावावी. टीव्ही एआरसीविना असेल किंवा घरघर छळत असेल, तर ऑप्टिकल.