इंजिन उघडण्याआधी पत्रा बघणारं वाईजवळचं गॅरेज

मी वाईला राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवते. रस्ता जेमतेम १२-१३ किलोमीटरचा, पण त्यात अख्खा पसरणी घाट आहे. माझी गाडी म्हणजे २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-०८ पासिंग, २०२१ मध्ये १ लाख ८५ हजारांना घेतलेली. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनला तिनंच साताऱ्याच्या सगळ्या फेऱ्या केल्या, त्यामुळे तिच्यावर जीव होता. गेल्या फेब्रुवारीपासून घाटातल्या बुवासाहेबाच्या देवळाजवळ आलं की गाडीचा तापमानाचा काटा वर चढायला लागला. अर्धा तास कडेला थांबायचं, गार झाली की पुढे निघायचं. पहिल्या तासाची मुलं वाट बघत बसायची.

आधी ज्यांच्याकडे जायचे त्यांनी कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, झाकण बदललं, मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर. तीन खेपांत १९,४०० रुपये गेले. प्रत्येक खेपेला आठ-दहा दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. चौथ्यांदा गेले तर म्हणाले, इंजिन उतरवावं लागेल, ४५ हजार धरून चाला. घरात दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, विकून टाक. सासऱ्यांचं म्हणणं, एवढे पैसे घातलेत, आता कशाला विकता? मला दोघांचंही पटायचं आणि निर्णय काही होत नव्हता.

मग एका सहकारी बाईंनी सुरूरच्या रस्त्यावरच्या या गॅरेजचं नाव काढलं. पत्र्याची शेड, एक रॅम्प, दोन पोरं हाताखाली. मालकांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी आधी विचारलं, कुठं तापते? चढाला की सपाटीलाही? एसी लावल्यावर की बंद असतानाही? मग म्हणाले, "बाई, आज गाडी ठेवून जावा. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी बघतो. तपासायचे १,२०० होतील."

सकाळी मला समोर उभं करून दाखवलं. थंड गाडी चालू केली आणि कुलंटच्या बाटलीत बुडबुडे यायला लागले. मग कॉम्प्रेशनचं मीटर लावलं. कडेच्या दोन सिलिंडरचं प्रेशर १७० च्या आसपास, मधल्या दोघांचं १०० च्याही खाली. शेजारशेजारचे दोन एकदम पडलेत म्हणजे त्यांच्यामधून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालची सील करणारी पट्टी, गेलंय, असं त्यांनी सांगितलं. सिलिंडरमधला वायू कुलंटमध्ये शिरत होता. म्हणून घाटात जोर लागला की गाडी तापायची. नवा रेडिएटर त्यावर काय करणार? हेड उतरवून लेथवर फेसिंग, गॅस्केट सेट, वॉटर बॉडी (कुलंटचा पंप), ऑइल, कुलंट आणि मजुरी मिळून २६ हजार. मी लगेच हो म्हणणार होते. आधी ऐकलेल्या ४५ पेक्षा ते कितीतरी कमी होते.

मामांनी मला थांबवलं. गाडी रॅम्पवर घेतली, टॉर्च माझ्या हातात दिला आणि दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत गेला. चटईखालचा फ्लोअरही तसाच, आणि पुढच्या सस्पेंशनच्या बैठकीजवळ गंजाचे पापुद्रे. "रत्नागिरीची गाडी, खारी हवा खाल्लीय, वर पाचगणीचा पाऊस. इंजिनाचं काय नाय, ते मी करून देतो. पण बसता कशात तुम्ही?" पत्र्याचं काम ३० हजारांपर्यंत जाईल आणि त्याची खात्री मी देणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. शिवाय २०२७ मध्ये १५ वर्षं पुरी होणार. तेव्हा पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीसाठी फिटनेस तपासणीला गाडी न्यावी लागणार, ती या पत्र्यावर कशी पार पडायची?

एका कागदावर त्यांनी आकडे मांडले. दुरुस्तीचे ५६ हजार. दुरुस्त होऊन विकली तर फार तर १ लाख १० हजार. आहे तशी, दोष सांगून, ५० ते ५५ हजार. आधी गेलेले १९,४०० त्यांनी कागदावर घेतलेच नाहीत. ते गेले, आता पुढचंच बघायचं, म्हणाले. घरात इतके दिवस चाललेला वाद त्या एका वाक्यानं मिटला. हातातलं २६ हजारांचं काम त्यांनी स्वतः सोडलं, हे मी विसरणार नाही.

गाडी ५२ हजारांना गेली, हेड गॅस्केट आणि पत्रा दोन्ही सांगून. दुसरी बघताना मामा सोबत आले, एका गाडीमागे १,००० रुपये घेतात. पहिली गाडी मला फार आवडली होती, आत नवंकोरं कापड, चकचकीत रंग. त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. गाडी पुराच्या पाण्यात राहिलेली, तिच्या वायरिंगचा भरवसा नाही, चला, म्हणाले. विकणाऱ्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या गाडीच्या फेंडरच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते, म्हणजे फेंडर कधीतरी उघडलेला, तीही सोडली. तिसरी घेतली: २०१८ ची, ४ लाख १० हजार. पतसंस्थेचं अडीच लाखांचं कर्ज, ३६ महिने, हप्ता साधारण ८,३०० रुपये. हप्ता जड आहे. पण सहा महिने झाले, घाटात एकदाही थांबले नाही.

गॅरेजच्या उण्या बाजूही सांगते. फोन क्वचितच उचलतात, समोर जाऊनच बोलावं लागतं. गाडी दाखवायला माझा नंबर चार दिवसांनी लागला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि बसायला एक बाकडं तेवढं आहे. तातडीचं काम असेल तर अडचण होईल. दुरुस्त करावी की बदलावी याच पेचात असाल, तर मात्र तिथेच जा. गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, आणि सकाळी ते थंड गाडीचं झाकण उघडतील तेव्हा स्वतः हजर राहा. मंगळवारी बंद असतं.