हेनलेचा बाख: एक पावसाळा काढल्यावर

जुलैत मुलीच्या पियानोच्या पुस्तकाची, म्हणजे आमच्या बाखची, पानं सुटली. जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या प्रिल्यूड (सुरुवातीची छोटी रचना) आणि फ्यूग (एकच सुरावट अनेक आवाजांत गुंफलेली रचना) यांच्या संग्रहाचा पहिला भाग, गोंदाने चिकटवलेली स्वस्त प्रत. घोडबंदरच्या दमट हवेत कणाच उकलला. विकणाऱ्याने “हवेचा प्रॉब्लेम आहे” म्हणून हात वर केले. नौपाड्यात स्पायरल करून आणली, तर भोकं नेमकी डावीकडच्या स्वरांवर!

वैतागून हेनले या जर्मन प्रकाशकाची निळी प्रत घेतली. जवळजवळ तिप्पट पैसे. तेव्हा माझं ठाम मत होतं की हे पैसे फक्त बांधणीचे. शिवलेली आहे, उघडली की सपाट बसते, पावसाळाभर एक पान हललं नाही. मुलीला शिकवणारे सर पेन्सिलीने कितीही खुणा करोत, खोडल्यावर कागद फुलत नाही. मला तेवढंच पुरेसं होतं.

मग सरांनी पहिल्या सी मेजर प्रिल्यूडचे बार (उभ्या रेघांमधले तालाचे भाग) मोजायला सांगितले. हेनलेत ३५, जुन्या प्रतीत ३६. बाविसाव्या बारनंतर बेस, म्हणजे सर्वांत खालचा स्वर, एफ शार्पवरून थेट ए फ्लॅटवर जातो. ते कुणाला तरी खटकलं असावं, मध्ये जी घालून एक बार वाढवला. श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या हस्तलिखितातून तो पसरला, पियानोशिक्षक चेर्नीच्या १८३७च्या आवृत्तीत शिरला आणि फ्रेंच संगीतकार गूनोने याच प्रिल्यूडवर रचलेल्या ‘आवे मारिया’तही आहे. बाखचा नाही. म्हणजे आम्ही पैसे मोजून कुणाची तरी भर घरी आणली होती. चेर्नीने लय आणि जोर-हळूच्या खुणाही स्वतःच्या घातल्यात. हेनलेत त्या नाहीत, त्यामुळे नवशिक्याला पान ओकंबोकं वाटतं.

मुलीला मात्र तो जास्तीचा बारच आवडतो. सरांची पाठ फिरली की वाजवतेच.

तक्रार एकच. कुठल्या स्वराला कुठलं बोट ते सांगणारे आकडे पियानोवादक आंद्राश शिफ यांचे आहेत. छोट्या हाताला काही ठिकाणी ताण पडतो, मग सर खोडून आपले लिहितात. आकडे नसलेली प्रतही मिळते. ती घेतली असती तर खोडरबर वाचलं असतं.

एक-दोन प्रिल्यूडच वाजवायचे असतील तर एवढा खर्च करू नका. आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर बाख-गेझेलशाफ्ट या जर्मन संस्थेची १८६६ची आवृत्ती फुकट आहे. हवी तेवढी पानं छापून घ्या, फक्त डावीकडे समास मोठा ठेवा. दुसरा भाग मी अजून घेतलेला नाही. मुलगी पहिल्यातले निम्मे फ्यूग वाजवेल, तेव्हा बघू.